मानाचा विडा आणि तीन राजे

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा राजे पुष्कळ होते आणि शहाणे थोडे.

एका खोऱ्यातल्या राजाचं डोकं फिरलं. आपल्याच राज्यातल्या विणकरांवर त्याचा राग. का, ते त्यालाही धड सांगता येईना. त्याचे शिपाई गावामागून गाव जाळत सुटले. म्हातारं बघितलं नाही, तान्हं बघितलं नाही.

एक विणकरीण जीव मुठीत धरून डोंगर ओलांडून आली आणि शेजारच्या तीन राजांच्या सभेत उभी राहिली.

"महाराज, माझं गाव अजून शाबूत आहे. माझी दोन लेकरं तिथंच आहेत. तो एकट्यादुकट्याला भीत नाही. पण तुम्ही तिघं मिळून आलात, तर शेपूट घालील."

तिघांचेही डोळे भरून आले. ते काही खोटं नव्हतं, बरं का! लगेच रीतीप्रमाणे तबकात विडा ठेवला गेला. जो विडा उचलील, तो तिन्ही फौजांचा सेनापती.

थोरल्या राजाने हात पुढे केला. मधल्याच्या पोटात दुखलं.

"म्हणजे लढायचं आम्ही आणि पोवाडे तुमचे? ते नाही चालायचं!"

मग मधल्याने हात घातला. धाकटा लालबुंद झाला. "मागच्या खेपेलाही मान तुम्हीच लाटलात. माझा एक घोडा हलणार नाही." तो स्वतः पुढे सरकला, तर दोघे खदाखदा हसले. "कालचं पोर आणि आमच्यापुढे चालणार!"

विणकरीण काकुळतीला आली. "अहो, मग तीन विडे करा ना!"

"तशी रीत नाही," तिघे एका सुरात म्हणाले. दिवसभरात त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

दुपार कलली तरी वाद चाललाच होता. तेवढ्यात डोंगरामागून धूर वर आला. तिने तो पाहिला आणि किंकाळी फोडून ती पळत सुटली. राजे खजील झाले. विडा तसाच टाकून तिघेही फौजांसह तिच्यामागे धावले.

तीन निशाणं एकत्र दिसताच तो क्रूर राजा पळून गेला. एक बाणसुद्धा सोडावा लागला नाही.

गावात राख होती. विणकरीण ती हातांनी उपसत होती.

"बाई, आम्ही आलो," थोरला राजा खाली मान घालून म्हणाला.

ती म्हणाली, "आलात, महाराज. पण आता कुणासाठी?"

तात्पर्य: निरपराधांचा जीव जात असताना जो आधी मानासाठी भांडतो, तो मारणाऱ्याचेच हात बळकट करतो.