एकसष्ट नावांची यादी

एकदा एक वृद्ध संगणकतज्ज्ञ आपल्या शिष्येसह अंधांसाठी पुस्तके छापणाऱ्या एका संस्थेत गेले. तेथील मुख्य संगणकावर त्यांनी नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली होती. आता उरली होती ती झाडलोट. जुन्या सिस्टिमला आतून आधार देणारी, पण नव्या व्यवस्थेत निरुपयोगी ठरलेली पॅकेजे, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम, संगणकानेच यादी करून पुढे ठेवली. एकसष्ट नावे होती. खाली प्रश्न होता, काढून टाकू का?

शिष्या हुशार होती, आणि हुशार माणसाला असते तेवढी घाई तिलाही होती.

"सर, काढू ना सगळी? कुणालाच लागत नाहीत, असं यंत्रच सांगतंय."

"काढ," गुरू म्हणाले.

तिने 'हो' दाबले. एकसष्ट नावे क्षणात नाहीशी झाली. गुरू मात्र चष्मा पुसत उठले आणि म्हणाले, "चल, एकेकाच्या टेबलापाशी जाऊ. प्रत्येकाला त्याचं रोजचं काम आपल्यासमोर एकदा करायला सांगू." शिष्येला हा निव्वळ कालापव्यय वाटला.

कार्यालयातली पत्रे छापली गेली. ग्रंथालयाची नोंद उघडली. शेवटच्या खोलीत मालनताई बसल्या होत्या. त्यांना जन्मापासून दृष्टी नव्हती, आणि तीस वर्षे त्या ब्रेलची मुद्रिते बोटांनी तपासत होत्या. सोमवारी अकरा मुलांची परीक्षा होती. प्रश्नपत्रिका आजच छापायच्या होत्या.

यंत्र खडखडले, कागद बाहेर आला. मालनताईंची बोटे पहिल्या ओळीवरून धावली, थांबली, पुन्हा मागे आली.

"अगं, टिंबं आहेत, पण अक्षर एकही नाही. पोरं सोमवारी वाचतील काय?"

शिष्येच्या ध्यानात आले. मराठी मजकुराचे ब्रेल करणारे पॅकेज तिने स्वतःच्या हाताने पुसले होते.

"सर, माझ्यामुळे त्या मुलांचं..."

"मूळ संगणकाला तू हातही लावलेला नाहीस," गुरू शांतपणे म्हणाले. "सकाळी मी दुसऱ्या यंत्रावर त्याची हुबेहूब प्रत केली आणि सगळ्यांची यंत्रं तिला जोडली. पुसलंस ते त्या प्रतीतलं."

तिने डोळे टिपले. "मग यादी खोटी होती?"

"खोटी नाही, अपुरी. एका पॅकेजला दुसरं लागतं की नाही, एवढंच यंत्राला ठाऊक. छपाईचा प्रोग्रॅम पूर्वी इथल्याच कुणीतरी हाताने लिहिला. त्याला हे पॅकेज लागतं, याची नोंद यंत्राकडे नाही, मग मालनताईंच्या बोटांची कुठून असणार? म्हणून आधी प्रत करावी, मग माणसांना विचारावं. पण विचारून झाल्यावर हात आखडू नये. ज्या जुन्या प्रोग्रॅमची डागडुजी थांबली, तो कडी न लावलेल्या दारासारखा असतो. चोर तिथूनच शिरतो. जे एक ठेवशील, त्याची निगा तुझ्याकडे."

दोघे मूळ संगणकापाशी आले. या वेळी शिष्येने प्रत्येक नाव वाचले. साठ काढली, एक राखले, आणि सगळ्यांची यंत्रे पुन्हा त्याला जोडली. दुपारपर्यंत अकराही प्रश्नपत्रिका छापून झाल्या. मालनताईंनी शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेले आणि मान डोलावली.

राखलेल्या नावापुढे शिष्येने पुढच्या माणसासाठी कारण लिहिले, 'ब्रेल छपाईसाठी आवश्यक.' मग तिने खाली आणखी एक ओळ लिहिली, 'काढण्यापूर्वी शेवटच्या खोलीत जाऊन विचारावे.'