हद्दीचा धोंडा

एका राज्यात, जिथे उन्हाळाही धुक्यातूनच येई, ओकच्या रानाला लागून बारा घरांचे खेडे होते. शेत सगळ्यांचे मिळून एकच; त्यात प्रत्येक घराचा एक पट्टा, आणि दोन पट्ट्यांमध्ये हद्दीचे धोंडे. पहिल्या राजाच्या मांत्रिकाने ते मंत्रून पुरले होते. त्यातला एक जरी हलला, तरी साऱ्या शिवाराला शाप लागणार होता.

तीन वर्षे कणसांतून राख गळत होती. राजा एडरिकने दवंडी पिटवली: धोंडा हलवणाऱ्या घराची जमीन जप्त होईल. कोणी बोलले नाही.

हिल्डा नावाची विधवा धाकट्या लेकीला पुरून परतत होती. कुंपणावरचा डोमकावळा तिला म्हणाला, "बाई, हद्द चालून ये. काटेझाडाला रक्त दे, ओढ्याला केस दे, टेकाडापाशी खरे बोल."

"मीच का?"

"ते तुला ठाऊक आहे."

हिल्डा निघाली. काटेझाडाने तिच्या तळहातातले रक्त प्यायले आणि वाट दिली. ओढ्याने तिची वेणी घेतली आणि पाणी दुभंगले. टेकाडाखाली तो मांत्रिक शतकानुशतके निजला होता.

"धोंडा कोणी हलवला?" मातीतून आवाज आला.

"माझ्या नवऱ्याने. शेजारचा केनरिक आजारी होता, तेव्हा."

"आणि तू?"

हिल्डाने रक्ताळलेला तळहात मातीवर टेकला. मग म्हणाली, "मी बैल धरले होते. त्या हिवाळ्यात केनरिक आणि त्याची मुले उपाशी मेली."

"हे राजाला सांगितलेस तर जमीन जाईल. थोरल्या लेकीला काय उरेल?"

"आता तरी काय आहे? राखच."

ती तशीच राजापुढे गेली आणि सारे बोलली. एडरिकने स्वहस्ते धोंडा मूळ जागी रोवला. हिल्डाचा पट्टा केनरिकची बहीण गोडिथ हिला मिळाला.

"काही मागणे?" राजाने विचारले.

"त्याच शेतात मजुरी, महाराज."

त्या वर्षी जव पिवळे झाले, दाणे भरले. कापणीच्या दिवशी हिल्डा आणि तिची लेक बांधाच्या कडेला वेगळ्या बसल्या होत्या. गोडिथ आली. तिने हिल्डाकडे पाहिले नाही. जवाची भाकर मोडून मोठा तुकडा पोरीच्या हातात दिला, उरलेला हिल्डापुढे गवतावर ठेवला, आणि विळा उचलून पुन्हा कापणीला लागली.