बांधलेला खटका

“…मग मधल्या गाळ्यात नळी कोण धरणार, उस्ताद?”

जनार्दनने पुन्हा तेच विचारलं. इस्माईल उस्ताद पुलाखालच्या कातळावर बसून हेल्मेटची काच पुसत होते. त्यांनी काच उन्हाकडे धरून पाहिली आणि पुन्हा पुसायला घेतली.

खाडीवरचा तो लांबलचक पोलादी पूल गंजाने पोखरत चालला होता. नळीतून जोरदार दाबाच्या हवेबरोबर बारीक, धारदार खडी मारायची, गंज आणि जुन्या रंगाची पुटं उडवून लावायची, आणि उघड्या पडलेल्या पोलादाला खारी हवा लागायच्या आत त्यावर नवा रंग चढवायचा, असं उस्तादांच्या टोळीचं काम होतं. दोन-दोन खांबांमधले काठाकडचे गाळे झाले होते. आता उरला होता मधला. तिथे जागा अरुंद आणि खाली खोल पाणी. एकच नळी चालणार होती. हे काम संपलं की उस्ताद कायमचे गावी जाणार होते, त्यामुळे तिथे ज्याच्या हाती नळी, तोच टोळीचा पुढचा उस्ताद, हे सगळ्यांनी मनोमन धरलं होतं.

जनार्दनने आपली बाजू मांडली. आपण साफ केलेल्या तुळईवर गंजाचा ठिपका शोधून दाखवावा, असं तो म्हणाला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आपली नळी एकदाही थांबत नाही, हेही सांगितलं.

“हात दुखत नाही तुझा?” उस्तादांनी विचारलं.

“नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही, उस्ताद.”

उस्ताद उठले. त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि तुळयांखाली बांधलेल्या परांचीकडे बोट दाखवलं. चल, दाखव.

परांचीवर चढताना जनार्दनने नळीचं तोंड उस्तादांच्या नजरेआड धरलं.

नळीच्या तोंडाशी एक खटका असतो. तो दाबून धरला तरच खडीचा मारा चालू राहतो. हात सुटला, माणूस घसरला, चक्कर येऊन पडला, की खटका उसळतो आणि मारा बंद होतो. पण त्याची स्प्रिंग फार ताठ. थोड्याच वेळात बोटं बधिर होतात. जनार्दनने त्यावर उपाय शोधला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी तो खटक्यावर आवळून बांधायचा, आणि वरून जाड हातमोज्याने झाकायचा. हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, अशी त्याची खात्री होती.

आजही पट्टी बांधलेलीच होती. सोडायला सवडच मिळाली नाही…

परांचीभोवती लावलेल्या ताडपत्रीच्या आत ते दोघेच. बाहेर हवेच्या टाकीजवळच्या माणसाने हवा सोडली आणि नळी त्याच्या हातात जिवंत झाली. कानठळ्या बसवणारा आवाज. आत बोलणं अशक्य, म्हणून टोळीने खुणा ठरवल्या होत्या. मूठ म्हणजे चालू ठेव. उघडा पंजा म्हणजे सोड.

उस्तादांनी मूठ दाखवली.

जनार्दनने मारा तुळईवर फिरवला. तांबूस पुटं उडाली, खालून करडं, स्वच्छ पोलाद उघडं पडत गेलं. त्याचा हात सरावाचा होता. त्याला जरा धीर आला.

मग उस्ताद पुढे आले. नळीच्या इतक्या जवळ, की हात लांबवला असता तर लागला असता. ते तिथेच उभे राहिले आणि त्यांनी पंजा उघडला.

सोड.

जनार्दन थिजला. नळी सोडली तर ती थांबणार नव्हती. ती सापासारखी उसळली असती, आणि पहिला तडाखा समोरच्या माणसाला बसला असता. ताडपत्रीबाहेरच्या माणसाला काही दिसत नव्हतं, ऐकू जात नव्हतं.

त्याने जोराने मान हलवली. मागे व्हा, असं खुणावलं.

उस्ताद मागे झाले नाहीत. पंजा तसाच उघडा होता.

…मारा एकाच जागी बसत होता. पोलाद खरवडलं जात होतं. हेल्मेटच्या काचेमागे उस्तादांचे डोळे दिसत होते. त्यांत राग नव्हता, आणि पापणीही लवत नव्हती.

जनार्दनने नळी मांडीने तुळईशी दाबून धरली. उजव्या हाताने डाव्या हातावरचा मोजा ओढून काढला. पोलादावरून उलटून आलेले कण उघड्या कातडीत घुसले. त्याने ट्यूबच्या पट्टीखाली नखं घातली. ती सुटेना. तो ओढत राहिला.

पट्टी तुटली. खटका उसळला.

आवाज एकदम बंद झाला. खालच्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

जनार्दन तिथेच खाली बसला. हातावर रक्ताचे बारीक थेंब उमटले होते. ज्या जागी मारा बसत राहिला, तिथे तुळईला खळगा पडला होता. तिकडे त्याला बघवेना.

त्याने हेल्मेट काढलं. “बांधलेला होता, उस्ताद.”

“हं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हं.”

“आणि तरी समोर उभे राहिलात? मी नळी सोडली असती तर?”

“सोडली तर काय होईल, हे तुलाही माहीत होतं ना.”

जनार्दनने नळी उचलली आणि उस्तादांपुढे धरली. मधल्या गाळ्यात दुसऱ्या कुणाला तरी द्या, म्हणाला, मी उद्यापासून येत नाही.

उस्तादांनी नळी घेतली नाही.

“कुणाला देऊ?” ते म्हणाले. “बाकीच्यांचे खटके अजून बांधलेलेच आहेत.”