वानराच्या डोक्यावरची चरबी

वानरं चुलीवर रांधत, त्या काळची गोष्ट. एक वानरी दर थंडीत चरबी वितळवून त्यात बाजरी, शेंगदाणे कालवायची, करवंटीत थिजवायची आणि पाखरांसाठी फांदीला उलटी टांगायची.

ती वारली. आता पाखरं यायची थांबतील, या भीतीने धाकट्या भावाने चरबी वितळवली. पण थिजेपर्यंत धीर कुणाला? त्याने करवंटी उलटी केली आणि कोमट चरबी त्याच्याच डोक्यावर पडली.

“ताईबरोबर माझी अक्कलही गेली,” तो म्हणाला.

“तुला होती कधी रे?” म्हणत साळुंकीने त्याच्या कानामागचा शेंगदाणा टिपला. मग बुलबुल आले, चिमण्या आल्या.

त्याला रडू येत होतं. पण हुंदका दिला तर पाखरं उडतील, म्हणून तो तसाच बसून राहिला.