चिमटूचं फूल मागे राहिलं

एक होता चिमटू खेकडा. शंखात राहायचा. चिमटू वाढला, शंख पुरेना. मोठा शंख सापडला. चिमटू आत शिरला, गुडुप. निघाला तुरुतुरु तुरुतुरु.

आणि समुद्रफूल? चिमटूच्या शंखावर बसणारं, चटका देणारं फूल राहिलं जुन्या शंखावरच. विसरभोळा कुठला!

फूल नसलं की ऑक्टोपस चिमटूला खाणार. चिमटू घाबरला. धावत परत आला.

"फुला, फुला, ये पाठीवर."

"मी नाही येत. भूक लागलीय. आधी घास दे."

चिमटू बुचकळ्यात पडला. फूल, आणि जेवतं?

तुरुतुरु तुरुतुरु. चिमटू गेला जेलीफिशकडे. ती झुलत होती, डुलुक डुलुक. तिच्या लांब दोऱ्यांत जवळा अडकला होता.

"जेलीताई, जेलीताई, घास दे. फूल येईना पाठीवर."

"मी नाही देत. लाट नेईल तिकडे मी जाते. आधी लाट आण. मला डोकंच नाही, वाट कळणार कशी?"

चिमटू बुचकळ्यात पडला. डोकं नाही, आणि बोलते?

तुरुतुरु तुरुतुरु. चिमटू गेला लाटेकडे.

"लाटेबाई, लाटेबाई, जेलीला ने. जेली घास देईना, फूल येईना पाठीवर."

"मी नाही नेत. पोवळ्यापाशी वाट बुजलीय. आधी वाट मोकळी कर."

तुरुतुरु तुरुतुरु. चिमटू गेला पोवळ्याकडे.

"पोवळेदादा, पोवळेदादा, वाट दे. लाट जेली नेईना, जेली घास देईना, फूल येईना पाठीवर."

"आम्ही नाही देत," हजार इवली तोंडं बोलली. "वाळू बसलीय तोंडावर. आधी वाळू झाड."

"कुणाच्या तोंडावरची?"

"माझ्या." "माझ्या." "माझ्या."

चिमटू पार बुचकळ्यात पडला. दगड, आणि इतकी तोंडं?

"पोवळं वाट देईना, लाट जेली नेईना, जेली घास देईना, फूल येईना पाठीवर. आता जाऊ कुणाकडे?"

इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. मग पाहिलं स्वतःकडे. दोन नांग्या होत्या की!

चिमटूनं वाळू झाडली, खरर खरर. पोवळ्यानं वाट दिली. लाट आली, धबाक. लाटेनं जेली फुलापाशी नेली, डुलुक डुलुक. जेलीनं घास दिला. फुलानं खाल्ला, गट्टम.

चिमटूनं फुलाला नांगीनं थोपटलं, टक टक. जुन्या शंखाला चिकटलेला फुलाचा पाय सुटला. फूल चढलं पाठीवर.

तेवढ्यात ऑक्टोपस आला. त्यानं हात लांबवला. फुलानं चटका दिला, चट्ट. ऑक्टोपस पळाला.

फूल म्हणालं, "पुन्हा विसरशील?"

चिमटू म्हणाला, "नाही रे फुला. आता शंख बदलताना आधी तू, मग मी."

आणि दोघं निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.