श्वासाची चोरी

"माझा गुन्हा काय झाला, मास्तर?"

"काहीच नाही. तीच तर अडचण आहे."

पास्कू मास्तर पायपेटी पुसत होते. वसईजवळच्या त्या गावात चर्चचा गायकवृंद त्यांनी चाळीस वर्षं सांभाळला होता. समोर उभा होता डेरिक, मुंबईला चार वर्षं गाणं शिकून आलेला. आवाज खरोखर देखणा, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. गुड फ्रायडेच्या स्तोत्रातला लांब सूर आपला मुलगाच घेणार, असं आईने चार घरी सांगूनही टाकलं होतं.

आणि मास्तरांनी आज त्याचं नाव यादीतून काढलं.

स्तोत्र पश्चात्तापाचं. एका राजाने पाप केलं आणि देवापुढे कबूल केलं, त्याचं. तीनशे वर्षांपूर्वी इटलीत कुणीतरी ते वृंदासाठी लॅटिनमध्ये बांधलेलं. मधोमध एक शब्द येतो, 'पेक्कावी'. मी पाप केलं. त्यातला 'वी' इतका लांब ठेवलाय की एका दमात सहसा कुणाला पेलत नाही.

म्हणून मास्तर तो सहा जणांत वाटत. प्रत्येकाने वेगळ्या जागी गुपचूप श्वास घ्यायचा, तेवढ्यात बाकीच्यांनी सूर धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. या वृंदात त्याला 'चोरी' म्हणतात. मास्तरांच्या कागदावर पेन्सिलीने खुणा असत: इथे कैतानची चोरी, इथे फिलूची. सत्तरीच्या बस्त्यावला तर तीन चोऱ्या माफ.

डेरिकने आपल्या नावापुढची खूण स्वतःच खोडली होती.

"मी चोरी करत नाही, मास्तर. सहा जणांचं काम एकटा करतो. बस्त्यावकाकांना खुशाल बसवा आता. ऐकायचंय?"

"ऐकव."

मास्तरांनी सूर दिला. डेरिकने 'वी' उचलला आणि धरला... धरला... मानेच्या शिरा फुगल्या, पण सूर तसूभर हलला नाही. अगदी शेवटपर्यंत.

"वा," मास्तर मनापासून म्हणाले. "असा दम मी जन्मात ऐकला नाही."

"मग?"

"शब्द काय होता?"

"पेक्कावी. मी पाप केलं."

"आणि तू तर साधी चोरीही करत नाहीस."

डेरिकचं तोंड उतरलं. "म्हणजे शुक्रवारी मी घरी बसू?"

"आत्ता सरावाला उभा राहा. मध्येच एकदा गप्प हो."

"कुठे?"

"जिथे तुला गरज नाही तिथे."

पाच वाजता मंडळी जमली. डेरिक बस्त्यावच्या शेजारी उभा राहिला, जरा नाराजीनेच. स्तोत्र सुरू झालं. 'पेक्कावी' आलं. छातीत अजून भरपूर दम असताना त्याने तोंड मिटलं.

चार वर्षं जे करायचं नाही म्हणून शिकला, तेच केलं होतं. कान तापले. सगळ्या चर्चने आपल्याला पकडलं असं त्याला वाटलं. आता सूर पडणार, म्हणून तो वाट बघत राहिला.

सूर पडला नाही.

डाव्या बाजूला एक घोगरा, किंचित थरथरता आवाज त्याची जागा धरून उभा होता. बस्त्यावचा. म्हातारा समोर बघून गात होता, शेजारी काय झालं हे जणू त्याच्या गावीही नव्हतं.

डेरिकने श्वास घेतला आणि पुन्हा सुरात शिरला. या खेपेला आवाज बराच लहान होता.

मंडळी पांगली. तो मागे राहिला.

"मास्तर, मी थांबलो... आणि सूर तुटला नाही."

"हं."

"बस्त्यावकाकांनी धरला. आणि मी त्यांनाच बसवायला निघालो होतो."

मास्तरांनी यादीत त्याचं नाव परत लिहिलं. पेन्सिल जिभेला लावून त्यापुढे एक खूण केली, आणि पायपेटीचं झाकण लावलं.

"शुक्रवारी ये," ते म्हणाले. "चोर झालास एकदाचा."