वशे गावचं वाण

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. हत्ती होते, घोडे होते, पण राजाचा जीव तळघरात. तळघरात द्राक्षासवाचे बुधले. काही फरासी देशाचे, जिथं खडूच्या टेकड्यांवर वेली धुकं पांघरून निजतात. काही दक्षिण समुद्रापलीकडच्या तांबड्या मातीच्या देशाचे, जिथं जनावरं पोटाच्या पिशवीत पिलं घेऊन उड्या मारतात. कुठला बुधला आज प्यावा, कुठला नातवंडांसाठी मुरत ठेवावा, हे सांगायला एक कोठावळा नेमलेला. राजा प्यायचा थोडं, ठेवायचा फार.

एके सकाळी तळघराला शाप लागला. सगळ्या बुधल्यांचा शिरका झाला. गावात गाईच्या आचळातूनच दूध फाटून येऊ लागलं. ऊस आंबट, गूळ आंबट, माणसांची बोलणी आंबट. तळघरात तीन बुधले तेवढे वाचले आणि भिंत बोलली: "तिघांचं काय करायचं ते सांगा. खरं सांगाल तर सगळे सुटाल. चुकाल तर मातीचे रांजण व्हाल. मातीला तीन दिवस. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडताना माती फुटेल."

पहिला कोठावळा गेला, रांजण झाला, फुटला. त्याच्या जागी दुसरा नेमला, तोही गेला आणि फुटला. मग नेमला तिसरा, माणकोजी, तोही आत गेला.

माणकोजीची बायको केतकी. गरीब स्वभावाची, देवाधर्माची. तिचा शुक्रवारचा वसा होता, त्या दिवशी आंबट जिभेला लावायचं नाही. आता राज्यात आंबटाखेरीज काही उरलंच नव्हतं. शुक्रवार उजाडला, केतकीनं पाणी पिऊन देवीपुढं हात जोडले, कपाळाला कुंकू लावलं. माणकोजीला रांजण होऊन तो तिसरा दिवस होता.

थोरली जाऊ उंबऱ्यात उभी. म्हणाली, "मातीच्या नवऱ्याचं कुंकू लावतेस? संध्याकाळी पुसायचंच आहे. सवय कर."

"संध्याकाळचं संध्याकाळी बघू, जाऊबाई," केतकी म्हणाली, आणि राजवाड्याची वाट धरली. वाटेत तिनं देवीकडं काही मागितलं नाही. दोन दिवस मागून झालं होतं. आता मागायचं म्हटलं तरी शब्द सापडत नव्हते.

राजा सिंहासनावर नव्हता, तळघराच्या पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"महाराज, मी आत जाते."

"तू कधी द्राक्षासव चाखलंस का?"

"नाही, महाराज. लोणची घातली आहेत."

राजा हसला नाही. म्हणाला, "चाखणारे तिघे मातीत गेले. जा, बाई. मला आता नाही म्हणायचंही बळ नाही."

केतकी आत गेली. उजव्या हाताला दोन खापऱ्यांचे ढीग. त्यांच्या शेजारी एक रांजण, भरदार छातीचा, मान जराशी उजवीकडं कललेली. माणकोजी तसाच उभा राहायचा. तिनं त्याच्या पायाशी चिमूटभर हळद ठेवली आणि पुढं गेली.

तळघरात एक साळुंकी होती. ती माणसासारखी बोलायची आणि आयुष्यभर बुधल्यांच्या तोंडाशी राहून तिची जीभ तयार झाली होती.

"आणखी एक आली," साळुंकी म्हणाली. "तुझा नवरा दोन बरोबर बोलला, तिसऱ्याला घसरला. तुला तर पहिलाच जड."

"मी व्रताची बाई. मला प्यायचं नाही. तू चाख आणि चव सांग, पक्षीण."

"फुकटचं चाखायला मला कोण नाही म्हणतंय?"

पहिला बुधला फरासी देशाचा. साळुंकीनं चोच बुडवली आणि पिसं फुलवली. "तुरट गं बाई. जीभ टाळ्याला चिकटली. वर आंबट. आत फळ आहे, पण दार लावून बसलंय."

केतकीला चैत्रातली करकरीत कैरी आठवली. आज दात आंबवते, तीच मुरली की वर्ष दोन वर्षं ताटाची शोभा. "आंबट आणि तुरट असतं तेच टिकतं," ती म्हणाली. "ह्याला घाई करू नये. ठेवायचा."

भिंत म्हणाली, "खरं."

दुसरा बुधला तांबड्या मातीच्या देशाचा. साळुंकीनं चोच बुडवली ती वर काढीचना. "पिकलं जांभूळ. वर मिऱ्याची चिमूट. आंबट नाही, तुरट नाही. मऊ, मोकळं."

"त्या देशाचं सगळं असंच?"

"छे. तिकडचे काही बुधले फरासी बुधल्यांच्या नाकावर टिच्चून मुरतात. पण हा असा आहे."

"मग देशाचं नाव कशाला बघायचं? हा पाडाला आलेला आंबा आहे. उद्यावर टाकला तर उतरेल. आज प्यायचा."

भिंत म्हणाली, "खरं." आणि मागं माणकोजीच्या गळ्याशी बारीक आवाज झाला. तडा गेला होता. झरोक्यातलं ऊन पिवळं पडून वर सरकलं होतं.

तिसरा बुधला मूठभर, काळ्या मातीचा. तोंड लाखेनं बंद, भोवती कुजून गेलेला लाल खण. गळ्यात वाड्यावरच्या मुनशीची चिठ्ठी: 'वशे गावचं वाण. दुर्मिळ. जतन करावे.'

"उघडून दे," केतकी म्हणाली.

"ह्याचं काय करायचं ते सांगितल्याशिवाय हा उघडत नाही. पहिला म्हणाला प्यायचा, गेला. दुसरा म्हणाला राजानं प्यायचा, गेला. तुझा म्हणाला, दुर्मिळ वाण आहे, ठेवायचा."

केतकी मटकन खाली बसली. प्यायचा नाही. ठेवायचा नाही. तिसरं काय असतं? कोनाड्यातल्या पणतीत वात संपत यावी तसं तिला झालं. हात आपसूक खणाच्या चिंधीवर गेला. चिंधीत गाठ होती, गाठीत सुपारी, एक हळकुंड.

द्राक्षासवाला हळकुंड कशाला?

"पक्षीण, हा बुधला कोणी आणला?"

"एका म्हातारीनं. डोंगरापलीकडची वेलीवाली, मंत्रतंत्र जाणणारी. दारात येऊन म्हणाली, राणीसाहेबांना सांगा, वाण आणलंय. मुनशी म्हणाला, कुठलं वाण? म्हातारी म्हणाली, माझ्या वशाचं. मुनशीनं लिहिलं, वशे गावचं. आणि बुधला इथं आला, कुलूप पडलं. म्हातारी तीन दिवस दारात बसली होती. मग उठून गेली. वर्षं लोटली, वाण इथंच पडून राहिलं, मग एके सकाळी शाप."

केतकीनं कपाळावर हात मारला. "अरे देवा. द्राक्षाचं वाण नव्हे. व्रताचं वाण. उद्यापनाचं. सवाष्णीच्या पदरात घालायला आणलेलं, आणि पुरुषांनी कोठारात भरलं. तिचं व्रत अजून अडलंय."

"मग घे पदरात," साळुंकी म्हणाली.

केतकी उठली आणि थांबली. वाण घ्यायचं सवाष्णीनं. ती सवाष्ण होती का? तिनं रांजणाला कान लावला. श्वास नाही, ऊब नाही. थंड माती. माणकोजी मेलाच असेल, तर हे घेणं खोटं ठरेल आणि तीही माती होईल. जावेचा शब्द आठवला. ऊन झरोक्याच्या काठावर होतं. तडा गळ्यावरून छातीकडं निघाला.

तिला आत काही दिसेना, फक्त सकाळ दिसली. सकाळी कुंकवाचं बोट कपाळाला लागलं होतं, कचरलं नव्हतं.

तिनं पदर पसरला. मोठ्यानं म्हणाली, "बाई, उशीर झाला. मी माणकोजीची बायको केतकी, सवाष्ण. तुमचं वाण द्या."

भिंतीतून सुरकुतलेला हात आला, बांगड्या वाजल्या. त्यानं बुधला उचलला, पदरात घातला. भिंतीचा आवाज पहिल्यांदाच ओला झाला. "पोचलं का गं, बाई?"

"पोचलं."

"मग मी सुटले. तुम्हीही सुटा."

ऊन गेलं. रांजण फुटला. मातीतून माणकोजी बाहेर पडला, गुडघ्यांवर. केस पांढरे, गळ्यावर व्रण, आवाज घोगरा. बाजूचे दोन ढीग मात्र हलले नाहीत. केतकी त्यांच्याकडं बघत राहिली, तिचा आनंद तोंडातच राहिला.

माणकोजीनं विचारलं, "किती दिवस झाले?"

"तीन."

"म्हणजे आज शुक्रवार." त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. "तू जेवली नसशील."

बाहेर कोणीतरी गाय पिळत होतं. चरवीत दूध पडल्याचा आवाज आला, गोड दुधाचा.

लाख फोडली तर बुधल्यात थेंबही नव्हता. जतन करता करता केव्हाच आटून गेलं होतं. तळाशी दोन बिया. राजानं दुसरा बुधला त्याच सांजेला सगळ्यांना वाटला, फरासी बुधला नातवाच्या नावे ठेवला आणि तळघराचं कुलूप काढलं. केतकीनं बिया अंगणात लावल्या. वेल चढली. दर साली पहिले दोन घड ती फुटलेल्या दोघांच्या बायकांकडं नेते, आणि आधी त्यांना कुंकू लावते. जाऊ पुटपुटते. लावू दे, म्हणते केतकी.

जसं त्या म्हातारीचं वाण उशिरा का होईना पोचलं, तसं ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या पदरात पोचो. ऐकणाऱ्याच्या घरी दूध गोड राहो.